फाटलेला पाव पुन्हा अख्खा होत नाही: पडद्यावरच्या चुका कशा हेरायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली सात-आठ मंडळी दर रविवारी एकत्र बसून सिनेमे आणि मालिका बघतात. चुका शोधायची सगळ्यांना हौस आहे. पण एकाला चूक वाटते ती दुसऱ्याला वाटत नाही, वाद होतो, आणि शेवटी "मघाशी काहीतरी खटकलं होतं" एवढंच हाती उरतं. नेमकं कुठे बघायचं, चूक खरी आहे हे कसं ठरवायचं आणि नोंद कशी ठेवायची?

चूक हेरायची तर सीन कसा शूट होतो ते आधी डोळ्यांसमोर हवं. स्वयंपाकघरात दोघं तीन मिनिटं बोलताहेत असं धरा. आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळा सीन पहिल्यापासून शेवटपर्यंत लांबून. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट, ज्याला सेटवर सजेशन म्हणतात. मग त्याचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहरा. मग लाइट फिरवतात, कॅमेरा समोरच्या बाजूला जातो आणि तेच सगळं दुसऱ्या पात्रासाठी पुन्हा होतं. मास्टर आणि शेवटचा क्लोज यांच्यात तीन-चार तास सहज जातात, मधे जेवणाची सुट्टी होते. पडद्यावर मात्र हे तुकडे दर चार-पाच सेकंदांनी एकमेकांना जोडलेले असतात. सलग शॉटमध्ये कप उचलला की तो उचललेलाच राहतो. गडबड होते ती जोडावर, म्हणजे कटवर. म्हणून नजर कटवर ठेवायची.

त्यातही एक जागा हमखास पिकते. सीन बहुधा लांबून सुरू होतो आणि भावना चढत जाईल तसा क्लोजमध्ये शिरतो. मग शेवटी पात्र उठून निघून जाताना संकलक पुन्हा मास्टरकडे येतो. त्या मास्टरचा शेवट सकाळी शूट झालेला असतो आणि त्याच्या आधी लागलेला क्लोज दुपारचा. बाहीची घडी, केसांची बट, ताटातलं अन्न, ग्लासातलं पाणी, सगळ्याची परीक्षा या एका कटला होते. वेळ कमी असेल तर सीनमधला हाच एक कट तपासा.

आता पुराव्याचं. वाद होतात ते बहुतेक वेळा कमकुवत पुराव्यावरून. चमचा आधी डावीकडे होता, आता उजवीकडे आहे. पात्राने तो मधे हलवला असेल, आपल्याला दिसलं नसेल. हे सिद्ध होत नाही. पण फाटलेला पाव पुन्हा अख्खा होत नाही, पिळलेल्या लिंबात रस परत येत नाही, जळालेली अगरबत्ती लांब होत नाही. जी गोष्ट उलटी फिरू शकत नाही तिच्यावरून पकडलेली चूक पक्की. शोध या न परतणाऱ्या गोष्टींपासूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

नाशिकच्या मंडळींना सर्वांत जवळचं उदाहरण मिसळीचं. दोन पात्रं मिसळ खाताना बोलताहेत असा सीन समोर ठेवा. शेव रश्श्यात पडली की थोड्याच मिनिटांत मऊ पडते, ढीग खाली बसतो, रंग गडद होतो. वाटीत रस्सा जिथपर्यंत होता तिथे आतल्या बाजूला लाल तेलकट रेघ उरते. रस्सा कमी झाला तरी रेघ तिथेच असते, म्हणून पुढच्या शॉटमध्ये काठ कोरा दिसला तर वाटी बदलली आहे. पाव किती होते, त्यातला कुठला आणि कुठल्या कोपऱ्यातून तोडला, लिंबाची फोड फुगीर आहे की चेपलेली, पापडाचा कुठला भाग मोडला, बोटांना तर्री लागली आहे का, हे क्रमाने बघा. व्यवस्थित युनिट अशा सीनसाठी सारख्या प्लेटा तयार ठेवतं आणि दर टेकला, म्हणजे शॉट घ्यायच्या प्रत्येक खेपेला, नवी मांडतं. म्हणूनच खाण्याच्या सीनमध्ये सर्वाधिक दिसणारी चूक प्लेट कमी होण्याची नसते. प्लेट पुन्हा भरते. अर्धी संपलेली मिसळ क्लोजमध्ये ताजी दिसली, की तो क्लोज नव्या प्लेटवर घेतला आणि आधीच्या घासांचा हिशोब कुणी केला नाही, हे समजायचं.

चहाचंही तसंच. वाफाळत्या चहावर साय नसते, निवलेल्यावर धरते. कपाच्या आत जिथे चहा पोचला होता तिथे तपकिरी वळं राहतं. "गरम आहे, जपून" असं म्हणत दिलेल्या कपात साय दिसली तर तो कप बराच वेळ तसाच पडून होता. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी कडा तपकिरी पडतात. एका रात्रीच्या सीनमध्ये गजरा आधी कोमेजलेला आणि मग टवटवीत दिसला, तर शूटिंग दोन दिवस चाललं आणि दुसऱ्या दिवशीचा भाग आधी लागला. ओले केस, घामाचे डाग, मेंदीचा रंग, जखमेवरची खपली यांनाही हाच न्याय. मुका मार आधी लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट-पिवळा होत जातो. हा क्रम उलटा दिसला तर लगेच थांबा.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही निसटतं, याचं कारण आपली नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्याला चिकटलेली असते. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मुद्दाम चुका पेरलेली छोटी फिल्म दाखवून हे तपासलं. गप्पा मारणाऱ्या दोन बायकांच्या सीनमध्ये जवळजवळ दर कटला काही ना काही बदललेलं होतं आणि बहुतेक प्रेक्षकांना त्यातलं काहीही जाणवलं नाही. संकलकांना हे पक्कं ठाऊक असतं. वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने चांगल्या कटच्या सहा कसोट्या दिल्या. त्यात भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट मांडणीला ५ आणि प्रत्यक्ष जागेच्या सलगतेला ४ टक्के वजन आहे. कोण कुठे उभं होतं याला सगळ्यांत शेवटचा नंबर. नटाचा सर्वोत्तम टेक आणि जुळणारा ग्लास यांतलं एकच मिळत असेल तर जाणता संकलक टेक घेतो, ग्लास सोडून देतो. म्हणजे बऱ्याच चुका संकलकाला माहीत असतात आणि त्या विचार करून ठेवलेल्या असतात.

म्हणून बघण्याची पद्धत बदला. पहिल्यांदा सिनेमा सिनेमासारखा बघा, काहीही शोधू नका. खटकलं तर फक्त वेळ टिपून ठेवा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. संवाद ऐकू आले नाहीत की चेहऱ्यावरची पकड सुटते आणि हात, टेबल, मागची माणसं दिसायला लागतात. तरीही नजर चेहऱ्याकडे जात असेल तर पोस्टकार्डाएवढा कागद घेऊन बोलणाऱ्याचा चेहरा झाका. ऐकायला बालिश वाटतं, पण उपयोग फार होतो. सात-आठ जण आहात तर कामं वाटून घ्या: एकाकडे हात आणि हातातल्या वस्तू, एकाकडे कपडे आणि दागिने, एकाकडे केस, एकाकडे सावल्या आणि घड्याळं, दोघांकडे फक्त मागची गर्दी. प्रत्येकाने आपल्या वाट्याबाहेर बघायचंच नाही.

मागच्या गर्दीवर दोघं का, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये उपाहारगृहात पिस्तूल झाडलं जातं. मागे बसलेला एक लहान मुलगा गोळी सुटायच्या आधीच कानांत बोटं घालतो. बार होणार हे त्याला ठाऊक होतं. ज्युनिअर आर्टिस्टना पुढे काय होणार ते माहीत असतं आणि ते आधीच वळतात, आधीच घाबरतात, आधीच टाळ्यांसाठी हात उचलतात. एकच माणूस दोनदा त्याच बाजूने चालत जाणं ही गर्दीतली दुसरी ठरलेली चूक.

कट तपासायला फ्रेम-फ्रेम पुढे जाता यायला हवं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, आपल्याकडच्या टीव्हीवर २५. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई' अक्षराची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ एक फ्रेम पुढे नेते, स्वल्पविरामाची एक फ्रेम मागे. कटच्या आधीची शेवटची आणि नंतरची पहिली फ्रेम, अशी दोन चित्रं घ्या आणि फोनच्या गॅलरीत लागोपाठ ठेवून बोटाने पुढे-मागे करा. जे बदललं आहे ते टुणकन हलतं. आकाशाचे दोन फोटो असेच आलटून-पालटून बघत १९३० मध्ये प्लूटो सापडला होता. कोन वेगळा असेल तर ही युक्ती थेट चालत नाही. अशा वेळी त्याच कोनाचा मागचा शॉट शोधून त्याच्याशी जोडी लावा: मास्टरची मास्टरशी, क्लोजची क्लोजशी.

नाशिकमध्ये शूट झालेलं काही बघत असाल तर तुमच्याकडे बाहेरच्या प्रेक्षकाकडे नसलेली हत्यारं आहेत. पहिलं म्हणजे सूर्य. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचं आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, सरासरी १२.३५ च्या सुमारास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५० च्या आसपास. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेत आणि अंगणातल्या सावल्या थोड्या पश्चिमेकडे कललेल्या आहेत, तर त्यात काहीही चूक नाही. उलट डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य साधारण ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हा सव्वापाच फुटांच्या आसपास पडते. पात्रं स्वेटर घालून "काय थंडी आहे" म्हणताहेत आणि सावल्या पायाखाली गोळा झाल्या आहेत, म्हणजे तो सीन उन्हाळ्यात घेतला आहे. इथे सावली जवळजवळ नाहीशी होते ती २० मे आणि २३ जुलैच्या आसपास, आणि जुलैत बहुधा ढगच असतात.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चार तास चाललेल्या सीनमध्ये तो ६० अंश सरकतो आणि सावलीही त्याच्याबरोबर फिरते. घाटाच्या पायरीवर बसलेल्या पात्राच्या नाकाची सावली एका शॉटमध्ये डाव्या गालावर आणि तोंड त्याच दिशेला असताना पुढच्या शॉटमध्ये उजव्या गालावर पडली, तर तिथे शूटिंगचा अख्खा दिवस दिसतो. फक्त लक्षात ठेवा, क्लोज घेताना उन्हावर पडदा धरून रिफ्लेक्टरने उजेड दिला जातो, त्यामुळे चेहऱ्यावरचा उजेड फसवा असतो. मागच्या दीपमाळेची किंवा खांबाची सावली खोटं बोलत नाही.

गोदाघाटावर दिशा समजून घ्या. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठावर, जुनं नाशिक पश्चिमेच्या. पात्राच्या मागे पंचवटीकडची देवळं आणि त्यांच्यामागे खाली आलेला सूर्य असेल तर ती सकाळ आहे, संवादात कितीही "संध्याकाळ झाली, घरी चल" म्हटलं तरी. आणि पाण्याच्या पातळीसाठी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीइतकी उत्तम मोजपट्टी जगात कुठल्या शूटिंग स्थळावर नसेल. पुराच्या दिवसांत अख्खं गाव पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते बघतं, तेच तुम्ही पडद्यावर करा. एका सलग सीनमध्ये पाणी आधी पायांशी आणि मग कमरेला दिसलं, तर मधे गंगापूर धरणातून विसर्ग झाला. नुसती पातळी नाही, रंगही बघा. पावसाळ्यातलं पाणी गढूळ, तपकिरी. हिवाळ्यातलं संथ आणि हिरवट.

द्राक्षबागेत गाणं असेल तर हंगाम तपासा. गोडी छाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तयार घड जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास दिसतात, त्यानंतर खरड छाटणी होते आणि मांडव काही दिवस बोडका असतो. जून-जुलैत पानोरा भरगच्च असतो, पण घड नसतात. आषाढाच्या वारीच्या दिवसांत रसरशीत पिकलेले घड लटकताना दाखवले तर ते खोटं. मात्र 'हंगामाबाहेरचे घड' दिसले म्हणून सरसकट चूक ठरवू नका. बागलाण-कळवण पट्ट्यात आगाप छाटणी करून डिसेंबरात माल काढतात. तालुका बघून बोला.

काळाच्या चुका शोधायला वस्तूंच्या तारखा पाठ हव्यात, आणि यात नोटा सर्वांत कामाच्या. नोटा छापणाऱ्या गावात राहून त्या ओळखता आल्याच पाहिजेत. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं, म्हणजे २००८ च्या कथेतल्या नोटेवर ते असू शकत नाही. २००५ पासून छापलेल्या नोटांच्या मागच्या बाजूला खाली मध्यभागी छपाईचं वर्ष असतं. २००० ची गुलाबी नोट आणि करड्या रंगाची ५०० ची नोट नोव्हेंबर २०१६ नंतरचीच, २०० ची २०१७ ची, जांभळट १०० ची २०१८ ची. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चालत नाही. दुकानाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरचा काळ, गल्ल्यावर यूपीआयचा चौकोनी कोड असेल तर २०१६ नंतरचा. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला. द्वारका चौकातला महामार्गाचा उड्डाणपूल १९९० च्या दशकातल्या कथेत दिसला तर तो तुमच्या पिढीला लगेच ओळखता येईल.

गाड्यांच्या पाट्यांचं थोडं जपून. एमएच-१५ नाशिक, एमएच-४१ मालेगाव, एमएच-१२ पुणे. कथा नाशिकची आणि मागून एमएच-१२ ची एक गाडी गेली, तर पुण्याहून कुणी आलं असेल. पण रस्त्यावरच्या दहा वाचता येणाऱ्या पाट्यांपैकी आठ पुण्याच्या निघाल्या, तर शूटिंग पुण्यात झालं. उत्पादकाकडूनच गाडीसोबत येणारी उच्च सुरक्षा पाटी नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून आली. जुन्या गाडीला ती नंतर बसवता येते, जुन्या काळाला बसवता येत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार थोडे बघतात. महिन्याची एक तारीख कुठल्या वारी येते ते वाचा आणि त्या वर्षाशी ताडा. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, १ जानेवारी २००० ला शनिवार. चंद्राच्या चुका तर आपल्या मालिकांत मुबलक. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, त्या रात्री आकाशात चंद्र दाखवला की चूक. भाऊबीजेला चंद्र बारीक कोर असतो आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात पश्चिमेला मावळतो. मध्यरात्रीच्या सीनमध्ये तो नको. संकष्टीचा चंद्र कोर नसतो. पौर्णिमेनंतरचा, थोडा कमी झालेला, रात्री साडेआठ-साडेनऊच्या सुमारास पूर्वेला उगवणारा. कोकिळेचा आवाज साउंड लायब्ररीतून कुठेही चिकटवतात, पण कोकीळ गळा काढून गातो तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला. डिसेंबरच्या पहाटे ऐकू आला तर नोंद करा.

वस्तुस्थितीच्या चुकांना वेगळा कप्पा ठेवा, कारण त्यात कॅमेऱ्याचा आणि सेटचा काही दोष नसतो. 'लगान' (२००१) ची कथा १८९३ मधली आहे आणि त्यात षटक सहा चेंडूंचं आहे. त्या काळात इंग्लंडमध्ये, १८८९ ते १८९९ या वर्षांत, षटक पाच चेंडूंचं होतं. ही संशोधनातली चूक आहे, कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटची दुसऱ्याशी जुळणी चुकण्याची नाही. दोन्ही एका यादीत टाकल्या की यादी निरुपयोगी होते.

मालिकांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथल्या चुकांकडे मी जास्त समजुतीने बघतो. रोज एक भाग प्रसारित होतो. एकाच घराच्या सेटवर वेगवेगळ्या भागांतले सीन एका दिवशी उरकले जातात, कारण सेट आणि नट त्या दिवशी उपलब्ध असतात. सकाळी ४० व्या भागातला भांडणाचा सीन, दुपारी ३८ व्या भागातला चहाचा. साडी बदलली, कपाळावरची टिकली बदलली आणि मंगळसूत्र तेवढं बदलायचं राहिलं, असं इथे घडतं. मालिकेत सर्वांत आधी तपासायची जागा म्हणजे भागांचा सांधा. एका भागाचा शेवटचा धक्कादायक क्षण आणि पुढच्या भागाची सुरुवात. सुरुवातीला तोच क्षण पुन्हा दाखवतात, पण त्यानंतरचा शॉट बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घेतलेला असतो. पदराची घडी, दारात उभं राहायची जागा, हातातल्या ताटातली निरांजनं मोजा.

एक खास प्रकार म्हणजे उलटवलेला शॉट. नजरेची दिशा जुळत नसेल तर संकलक चित्र आरशासारखं पलटवतो. हे पकडायला आपला पेहराव फार मदत करतो. नऊवारी किंवा नेहमीच्या पाचवारीचा पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर, गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. पदर अचानक उजव्या खांद्यावर आला तर आधी ती साडी गुजराती पद्धतीने नेसलेली नाही ना ते बघा. मग नथ बघा, मग केसांचा भांग. तिन्ही एकदम फिरले तर शॉट पलटवला आहे, यात शंका नको.

कॅमेरा किंवा माणसं दिसण्याच्या चुका आपल्याकडच्या स्वयंपाकघरात जास्त सापडतात, कारण फडताळावर ओळीने लावलेले स्टीलचे डबे. प्रत्येक डब्याचं पोट म्हणजे बहिर्वक्र आरसा, त्यात पूर्ण खोली बारीक होऊन दिसते. चित्र मोठं करून डबा-डबा बघा: लाइटचा पांढरा चौकोन, स्टँडचे पाय, कधी पूर्ण माणूस. तांब्या, बंद टीव्ही, मोटरसायकलची टाकी, चष्म्याची काच याही तशाच जागा. कलाविभाग डब्यांवर पावडर किंवा चकाकी घालवणारा डलिंग स्प्रे मारतो, त्यामुळे एकाच ओळीतला एखादा डबा धुरकट दिसला तर तिथे काहीतरी झाकलं आहे.

आता चूक नसलेल्या गोष्टी, कारण यादी इथेच बिघडते. वरून माइकचं टोक दिसलं तर लगेच सेटवरच्या लोकांना दोष देऊ नका. रुंद पडद्यासाठी वरचा-खालचा भाग झाकायचा असं ठरवूनच बरेच सिनेमे शूट होत. टीव्हीसाठी किंवा चुकीच्या प्रक्षेपणात तो झाकलेला भाग उघडा पडला की माइक दिसतो. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचंही असंच. नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी आली १९१८ मध्ये. दादासाहेब फाळक्यांच्या त्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग सेकंदाला २४ फ्रेमपेक्षा बराच कमी असे. ते चित्रीकरण आजच्या वेगाने दाखवलं की धावायला लागतं. गाडीची चाकं उलटी फिरताना दिसणं हा फ्रेमच्या वेगाचा परिणाम आहे. दोन शॉटमध्ये मागचं झाड जवळ आलेलं वाटलं तर लांब लेन्स लावली असेल. पात्राने चुकीचं साल सांगितलं तर पात्र चुकू शकतं. पुढे कथेत तेच साल खरं धरलं जात असेल, तरच ती लेखकाची चूक. आणि स्वप्न, आठवण, कुणाच्या तोंडून सांगितलेली हकिकत यांत वस्तू बदलणं मुद्दाम असू शकतं. रंग किंवा कपडा बदलून दिग्दर्शक काही सांगत असेल तर तो बदल पुन्हा पुन्हा, ठरावीक जागी येतो. निष्काळजीपणा असा नेमाने येत नाही.

नोंदीत सहा गोष्टी हव्यात: कुठली आवृत्ती (थिएटर, ओटीटी, टीव्ही), तिची एकूण लांबी, तास-मिनिट-सेकंद, कटच्या आधी काय, कटनंतर काय, आणि दोन शॉटमध्ये कथेतला किती वेळ गेला. आवृत्ती लिहिणं आवश्यक, कारण ओटीटीवर कॉम्प्युटरने चूक पुसलेली असू शकते, टीव्हीवर सीन कापलेला असतो. २४ फ्रेमचा सिनेमा २५ च्या वेगाने दाखवला तर १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो, मग तुमचा वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. कथेतला वेळ कसा ठरवायचा? कटवरून संवाद न तुटता पुढे चालू असेल तर वेळ शून्य. एक नमुना नोंद: "ओटीटी, २ तास १४ मि.; ००:४१:०७; आधी: मास्टर, आजींच्या हातातला पाव अर्धा, लिंबू पिळलेलं; नंतर: क्लोज, पाव अख्खा, लिंबू फुगीर; संवाद सलग, वेळ शून्य." यावर वाद होऊच शकत नाही. याउलट "ग्लास सरकला" एवढीच नोंद असेल आणि मधे पाच सेकंद ग्लास फ्रेमबाहेर असेल, तर ती संशयिताच्या यादीत टाका, चुकांच्या नाही.

येत्या रविवारी पूर्ण सिनेमा घेऊ नका. चार-पाच मिनिटांचा एकच जेवणाचा सीन निवडा. आधी सगळे कट मोजा आणि कागदावर क्रमांक घाला. प्रत्येक कटपुढे मास्टर, सजेशन की क्लोज ते लिहा. मग मास्टरचे सगळे तुकडे वेगळे काढून फक्त तेच लागोपाठ बघा, मग एका पात्राचे सगळे क्लोज. ताटं कुठल्या क्रमाने भरली आणि रिकामी झाली ते या वेगळ्या ओळींत स्वच्छ दिसतं, आणि सीन प्रत्यक्षात कुठल्या क्रमाने शूट झाला तेही बऱ्याच अंशी उलगडतं.